गळती मॅनिफोल्डची आणि हजेरीपटावरची

सोशल मीडियावर मुसलमानाशी वाद घालताना समोरच्याचे मुद्दे संपले की एक शब्द हमखास बाहेर येतो: 'पंक्चरवाला'. या शब्दाचा राग येणं स्वाभाविक आहे, मलाही येतो. पण त्याहून जास्त राग येतो तो आपल्या उत्तराचा. आपण लगेच यादी काढतो. आमच्यात इतके डॉक्टर आहेत, यंदा यूपीएससीत आमची इतकी मुलं आली, कलामसाहेब आमचेच होते. म्हणजे शिवी देणाऱ्याचं मूळ गृहीतक आपण आधीच कबूल करून टाकतो. टायर काढणारा हात खालचा, हे दोघांनाही मान्य. भांडण फक्त आपल्यात असे हात किती, यावर चालतं.

मी पेशाने शिक्षक आहे. उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड. करताना 'शैक्षणिक मूल्यमापन' या विषयात ब्लूमची उद्दिष्टं पाठ केली होती: ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन. सूक्ष्मपाठ घेताना पाठ टाचणात ती लिहावी लागत. ही सहाच्या सहा एकाच कामात वापरलेली मी पाहिली ती आमच्या मोहल्ल्यातल्या एका मेकॅनिक चाचांकडे, आणि काम होतं माझ्या २००६ सालच्या मारुती ८०० च्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळती काढण्याचं. चाचा सांगत गेले आणि मी माझ्या घराच्या अंगणात ते केलं. आता ते काम म्हणजे नक्की काय हे मी तपशिलाने सांगणार आहे. 'पंक्चरवाला' म्हणणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं आणि आपल्या यादीवाल्यांनाही.

इंजिनाच्या प्रत्येक सिलेंडरमधून जळलेला वायू बाहेर पडतो. मारुती ८०० ला तीन सिलेंडर. या तीन तोंडांतून येणारा वायू एकत्र करून पुढे सायलेन्सरच्या पाईपात सोडणारा बिडाचा जाड नळ म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. तो इंजिनाच्या हेडला स्टड आणि नटांनी आवळलेला असतो, मधे एक पातळ पॅकिंग. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट पसरतं. गाडी रोज तापते, रोज निवते, आणि दर वेळी हे दोन धातू एकमेकांवर थोडे सरकतात. वीस वर्षं असं झालं की पॅकिंग झिजतं, नट सैल पडतात, एखादा स्टड तुटतो, कधी मॅनिफोल्डलाच चीर जाते. मग वायू सायलेन्सरपर्यंत न जाता मधूनच फुटतो.

याची खूण अशी की सकाळी थंड गाडी सुरू केली की टिक् टिक् आवाज येतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढतो आणि पाच-दहा मिनिटांत कमी होतो, कारण धातू तापून फट बुजते. माझ्या गाडीचा हाच आवाज ऐकून एका मोठ्या वर्कशॉपने आधी टॅपेटचा आवाज सांगितला, मग इंजिनाचा दिवा लागला म्हणून ऑक्सिजन सेन्सर आणि पुढचा सायलेन्सर बदलण्याचा अंदाज हातात दिला. चाचांनी काय केलं? पेट्रोलच्या पाईपाचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनाभोवती फिरवलं. मग मला म्हणाले, "सर, मागे जाके सायलेन्सर के मुँह पे कपडा दबाव, एकच सेकंद." मी दाबला. पुढे फुस्स आवाज वाढला. त्यांनी बॅटरी दाखवली. मधल्या नटाजवळ हेडवर काजळीचा काळा पट्टा होता. "टॅपेट को काजल नहीं लगता."

हे विश्लेषण आहे. आधी एक अंदाज बांधला, तो खोटा ठरू शकेल अशी कसोटी लावली आणि मग डोळ्यांनी पुरावा पाहिला. विज्ञानाच्या पाठात मुलांना हेच शिकवा असं आम्हाला सांगतात, आणि आम्ही ते फळ्यावर लिहून देतो.

सेन्सरचंही त्यांनी उलगडून सांगितलं. गळती सेन्सरच्या आधी असली की दोन स्फोटांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा फटीतून आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, त्याला वाटतं इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, आणि गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. अ‍ॅव्हरेज पडतं. सेन्सर बिचारा खरं बोलत असतो, त्याच्यापर्यंत पोचणारी हवाच खोटी असते. तो बदलून काहीही होणार नव्हतं.

आता खुद्द काम. शुक्रवारी रात्री आणि शनिवारी दोनदा सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारलं. रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, वरचं पत्र्याचं कव्हर काढलं, सेन्सरची वायर सोडवली. खालचा पाईप सोडवायला गाडी उचलावी लागते. तिथे चाचांचा नियम एकच, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय हातही घालायचा नाही. मग १२ चा गोटी पाना. इथे खरी परीक्षा असते. नट जोराने फिरवला तर स्टड हेडमध्येच तुटतो, आणि अ‍ॅल्युमिनियममधून तुटका स्टड काढणं म्हणजे वेल्डिंग, ड्रिल, नवे आटे, आठवडाभराचं दुखणं. चाचांनी शिकवलं ते असं: पाव आटा सैल कर, परत तेवढाच आवळ, तेल दे, पुन्हा सैल कर. हाताला नट 'रडतोय' असं वाटलं की थांब. हे रडणं कुठल्याही व्हिडिओत ऐकू येत नाही. ते पान्याच्या दांड्यातून मनगटात येतं.

मॅनिफोल्ड निघाल्यावर हेडवरचं जुनं पॅकिंग पितळेच्या पट्टीने खरवडलं, लोखंडी पट्टीने नाही, अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की पुन्हा तिथूनच गळणार. मग मॅनिफोल्डच्या तोंडांवर सरळ पोलादी पट्टी धरून खालून फिलर गेजचं पान सरकवून पाहिलं. मधल्या तोंडाशी ते आत गेलं. म्हणजे बीड वाकलं होतं. नुसतं नवं पॅकिंग घातलं असतं तर महिन्याभरात पुन्हा फुंकलं असतं. मॅनिफोल्ड लेथवाल्याकडे नेऊन फेसिंग करून आणला. नवं पॅकिंग कोरडंच बसवलं. सिलिकॉनची पेस्ट तिथे लावायची नाही, ती जळून जाते. नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, तीन फेऱ्यांत आवळले. गाडी सुरू केली, तापू दिली, बंद केली, पूर्ण निवल्यावर पुन्हा एकदा पाना फिरवला. पॅकिंग, नट आणि लेथचं काम मिळून झालेला खर्च वर्कशॉपच्या अंदाजाच्या आसपासही नव्हता.

यात जिवाचाही प्रश्न आहे. त्या फटीतून जे बाहेर पडतं त्यात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. गाडीच्या पुढच्या भागातली गळती पंख्याच्या हवेबरोबर आत बसलेल्यांपर्यंत पोचू शकते. आणि गंमत पाहा, अशी गळकी गाडी पीयूसीत पास होऊ शकते, कारण तपासणीची नळी घालतात ती सायलेन्सरच्या शेवटच्या टोकात, आणि वायू तर आधीच मधे कुठेतरी निसटलेला असतो किंवा त्यात बाहेरची हवा मिसळलेली असते. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस पित्ताची गोळी घेतो. माझी गाडी दारं बंद केलेल्या गॅरेजमध्ये चालू ठेवायची नाही, हे माझ्या मुलांना मी तोंडपाठ करून घेतलं आहे. पण शटर अर्धं ओढून, पावसाळ्यात, चालू इंजिनावर वाकून दिवसभर काम करणाऱ्या पोरांना हे कुणी सांगितलं आहे?

त्या पोरांकडेच यायचं होतं मला.

शिक्षणशास्त्रात एक शब्दजोडी आहे, 'गळती आणि स्थगन'. शाळा सोडून गेलेलं मूल म्हणजे गळती. आम्ही शिक्षक दरवर्षी ती कागदावर मोजतो, कारणांच्या रकान्यात 'आर्थिक परिस्थिती' लिहितो आणि फाईल बंद करतो. आठवी-नववीतून गळलेली आमची पोरं कुठे जातात हे आम्हाला पक्कं माहीत असतं. बसस्टँडमागच्या गॅरेजांत. तिथे ती मला पाहून पाना मागे लपवतात. "अस्सलाम अलैकुम सर" म्हणतात आणि नजर खाली. माझ्या वर्गात ज्याला अपूर्णांक येत नव्हता तो तिथे फिलर गेजच्या पानांवरून मिलिमीटरचा शंभरावा भाग बोटांनी ओळखतो. मी अशा एकाला म्हणालो, अरे, हाच तर दशांश. तो हसला. त्याला वाटलं सर मन राखायला बोलत आहेत.

इथे काही वाचक म्हणतील, सर गरिबीचा गौरव करताहेत, स्वतःची मुलं मात्र इंजिनिअरिंगला घालतील. माझं म्हणणं नीट ऐका. तेरा वर्षांचं मूल गॅरेजमध्ये असणं हा गुन्हा आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला ठेवता येत नाही, सवलत आहे ती फक्त घरच्या कामाला आणि कलाक्षेत्राला, तीही शाळा सांभाळून. मूल शाळेत असलंच पाहिजे, यावर माझी तडजोड नाही. माझी तक्रार शाळेशी आहे. पाना हातात धरल्याशिवाय ज्याचं डोकं उघडत नाही अशा मुलासाठी आमच्याकडे काहीच नाही. 'कार्यानुभव' नावाखाली माझ्या विद्यार्थिदशेत आम्ही घोटीव कागदाची फुलं केली, आणि पुढे शिक्षक झाल्यावर मुलांकडूनही फुलंच करून घेतली गेली.

आणि हे नसणं आपल्याकडे तर फारच लाजिरवाणं आहे. बी.एड.ला प्रत्येकाने पाठ केलेलं असतं: वर्धा, ऑक्टोबर १९३७, राष्ट्रीय शिक्षण परिषद, अध्यक्ष महात्मा गांधी. अभ्यासक्रम आखण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष कोण? डॉ. झाकीर हुसेन. सदस्यांत ख्वाजा गुलाम सैयदैन. हस्तोद्योग मधोमध ठेवून त्याभोवती भाषा, गणित, समाजशास्त्र शिकवायचं, ही योजना या देशात कागदावर उतरवणाऱ्या समितीच्या प्रमुखपदी एक मुसलमान शिक्षक होता आणि ती जन्माला आली आपल्या विदर्भात. आपल्या किती उर्दू शाळांत एक तरी बरा वर्कशॉप आहे? झाकीर हुसेन यांचा फोटो मात्र बऱ्याच ठिकाणी आहे. राष्ट्रपती झाले म्हणून.

अल-जझरीचंही तेच. दर दोन महिन्यांनी एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'मुस्लिम वैज्ञानिकांचा सुवर्णकाळ' येतो, त्यात हत्तीचं घड्याळ असतंच. दियारबकरच्या अर्तुकी राजांच्या पदरी असलेल्या या माणसाने १२०६ साली आपला यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला. त्याची थोरवी घड्याळाच्या चित्रापेक्षा या गोष्टीत आहे की तो स्वतः हाताने करणारा कारागीर होता आणि आपण काय कसं केलं ते दुसऱ्याला करता येईल इतक्या बारकाईने लिहून ठेवणारा होता. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक कुरुंदाच्या भुकटीने एकमेकांवर घासून पाणी गळणार नाही इतकी घट्ट बसवायची रीत त्याने नोंदवली आहे. आज हेडचं काम निघालं की गॅरेजमधलं पोरगं काय करतं? व्हॉल्व्हला पेस्ट लावून तळव्यांमध्ये काठी फिरवत तासन्‌तास घासतं. आठशे वर्षांपूर्वीच्या मेकॅनिकवर आपल्याला फख्र आहे. गल्लीतल्या मेकॅनिकला आपण मुलगी देत नाही. आणि दिलीच तर पत्रिकेच्या गप्पांत सांगतो, "लडका ऑटोमोबाईल लाईन में है."

दाऊद अलैहिस्सलाम लोखंडाचं काम करत आणि हाताच्या कमाईचं खात, हे जुम्याच्या बयानात आपण सगळ्यांनी ऐकलंय. बयान संपल्यावर पहिल्या सफेत जागा कुणासाठी सोडली जाते तेही आपण पाहिलंय.

सरकारचं वेगळं नाही. सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवलं की मुसलमान पगारी नोकरीत कमी आणि स्वयंरोजगारात जास्त आहेत. म्हणजे ही माणसं कुठे आहेत हे ठाऊक नाही असं म्हणायला जागा नाही. २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली, तीत अठरा पारंपरिक व्यवसाय. लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, हातोडा आणि अवजारं बनवणारा आहे. मोटार मेकॅनिक नाही. बाप-लेक-नातू अशा तीन पिढ्या गाड्या दुरुस्त करणारी घरं माझ्या ओळखीची आहेत, पण ही परंपरा बहुधा अजून पुरेशी जुनी झाली नसावी! आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे, त्याला दहावी पास लागते. आमचं पोरगं गळलंय नववीत. म्हणजे दहा वर्षं जे काम तो करतोय ते शिकायला जाण्याची पात्रता त्याच्याकडे नाही.

आणि वेळ फार नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-सहाच्या गाड्या आल्या, त्यांत सेन्सरांची गर्दी आहे. पुढे इलेक्ट्रिक. इलेक्ट्रिक गाडीला एक्झॉस्ट मॅनिफोल्डच नसतो, म्हणजे वर मी जे कौशल्य सांगितलं त्यातला मनगटातला भाग हळूहळू निकामी होणार आणि वाचण्याचा भाग वाढणार. आजही स्कॅनर लावला की पडद्यावर इंग्रजी येतं. पी०१७१ असा कोड आला की उर्दू शाळेतून नववीत गळलेला मुलगा तो दुकानदाराला फोनवर वाचून दाखवतो, आणि दुकानदार सेन्सर विकतो. चाचांसारख्या माणसाला कोड लागत नाही, कान पुरतो. पण चाचांचे कान पुढच्या पिढीला वारसाहक्काने मिळणार नाहीत, आणि त्यांनी ते कुठे लिहूनही ठेवलेले नाहीत. अल-जझरीने लिहून ठेवलं होतं.

भाषेच्या शिक्षकाचं काम इथे सुरू होतं, असं मला वाटतं. उर्दूच्या पाठ्यपुस्तकांत गझल आहे, ती असावीच, मी ती प्रेमाने शिकवतो. पण पान्याबद्दल दोन ओळी उर्दूत किंवा मराठीत सरळ लिहिता येऊ नयेत, ही भाषेचीही गरिबी आहे. मॅनिफोल्डच्या कामाची दोन पानं मी लिहिली आहेत, एक उर्दूत, एक मराठीत, शब्द गॅरेजमधलेच: पॅकिंग, आटे, फेसिंग. 'निष्कास बहुविध' असलं काही नाही. चाचांना वाचून दाखवली. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली, बॅटरीची वायर काढायची ओळ सगळ्यात वर घ्या. एका भिंतीवर ती चिकटली आहेत, ग्रीसचे ठसे पडलेत त्यांवर.

दुसरं काम दहावीचं. आपल्या बोर्डात १७ नंबरचा फॉर्म भरून शाळा सोडलेल्या मुलाला बाहेरून परीक्षेला बसता येतं. यात नवं काहीच नाही, क्लासवाले या फॉर्मवर पैसे कमावतात. प्रत्येक उर्दू शाळेने आपल्या गेल्या पाच वर्षांच्या गळतीची यादी काढावी, त्या मुलांना गॅरेजात जाऊन भेटावं, आणि रात्री आठ ते दहा वर्ग उघडा ठेवावा. खर्च ट्यूबलाईटचा. शिक्षक मिळत नाहीत असं कुणी म्हणू नये. जलशाच्या रात्री दोन वाजेपर्यंत खुर्च्या लावणारे शिक्षक मी पाहिले आहेत.

माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी यंदा फॉर्म भरायची तयारी दाखवली आहे. एकाच्या गॅरेजमालकाने परीक्षेच्या दिवसांची पगारी सुट्टी कबूल केली. दुसऱ्याच्या मालकाशी बोलणं अजून व्हायचं आहे. ते हाजी आहेत, स्नेहसंमेलनात बक्षिसं बहुतेक त्यांच्याच हातून दिली जातात.